रोजचं समर्पण: सकाळी देवाला दिलेलं दुपारपर्यंत परत हातात कसं येतं?

तरुणसंघ_चिटणीस

उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघात वाटायला एक पान तयार करायचं आहे. विषय 'रोजचं समर्पण'. वाचणारे अठरा ते तीसमधले: कॉलेजवाले, कंपनीत शिफ्ट करणारे, दोन-तीन नव्या आया. उपदेश नको, तो रविवारी होतोच. पद्धत हवी आहे.

अडतं कुठे ते लिहितो. 'प्रभू, माझं सगळं तुझ्या स्वाधीन करतो' हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. सकाळी ते खऱ्या मनाने म्हटलं जातं आणि साडेदहा-अकरापर्यंत तीच काळजी, तोच हट्ट पुन्हा मानगुटीवर बसलेला असतो. मग मुलं दोनच निष्कर्ष काढतात: एक तर प्रार्थना खोटी होती, नाहीतर समर्पण हे मिशनरी आणि सिस्टर लोकांचं काम, आपलं नव्हे. दोन्ही चूक आहेत एवढं कळतं, पण पानावर काय लिहायचं ते कळत नाही.

नेमकं विचारायचं तर, सकाळी किती वेळ आणि कोणत्या क्रमाने? दिवसभरात ते टिकवायचं कसं? नुसतं कोरडं कोरडं जातं तेव्हा काय? आणि 'देवावर सोपवलंय' म्हणून अर्ज न भरणारे, डॉक्टरकडे न जाणारे असतात त्यांना काय सांगायचं? प्रॉटेस्टंट, कॅथलिक, कुणीही लिहा.


नगरी_उपासक

आधी बायबलमधलं लूक ९:२३ उघडा. वधस्तंभ उचलून मागे येण्याचं वचन मत्तयात आहे (१६:२४), मार्कात आहे (८:३४), पण 'दररोज' हा शब्द फक्त लूक देतो. रोज उचलायचा म्हणजे रोज खाली ठेवला जाणार, हे त्यात धरलेलंच आहे असं मी वाचतो. तेव्हा अकरा वाजता काळजी परत आली म्हणून सकाळची प्रार्थना खोटी ठरत नाही. मान्न्याचंही, म्हणजे रानात देवाने दिलेल्या अन्नाचंही, तेच. निर्गम १६ मध्ये माणशी एक ओमर (एक माप), रोजचा रोज गोळा करायचा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्यात किडे पडले.

क्रमासाठी लेवीय ६:१०-१३ इतका कामाचा उतारा दुसरा नाही. सकाळी याजकाने पहिल्यांदा काय करायचं? लाकूड ठेवायचं नाही, राख काढायची. तागाची वस्त्रं घालून वेदीवरची रात्रीची राख उचलायची, वेदीच्या बाजूला ठेवायची, मग कपडे बदलून ती छावणीबाहेर नेऊन टाकायची. त्यानंतर नवं लाकूड आणि त्यावर होम. आपली सकाळची प्रार्थना बहुधा इथेच गुदमरते, कारण कालच्या राखेवर आपण आजचं लाकूड रचतो. चुलीची सवय असलेल्या कुणालाही विचारा, राख भरलेल्या चुलीत धूरच जास्त होतो.

पंधरा मिनिटं धरा. फोन दुसऱ्या खोलीत, किंवा ॲपवरच वाचायचं असेल तर विमान मोडवर.

पहिली तीन मिनिटं राखेची. काल संध्याकाळपासून काय साचलंय? कुणाचा राग, अर्धं राहिलेलं काम, रात्री दीडपर्यंत पाहत बसलेलं काहीतरी. पाप असेल तर नाव घेऊन कबूल करायचं (१ योहान १:९). नुसता थकवा असेल तर थकवा म्हणूनच सांगायचा, त्याला ओढूनताणून पाप ठरवायचं नाही.

पुढची पाच मिनिटं एक स्तोत्र, दोनदा, दुसऱ्यांदा ओठ हलवून. आज कुठलं वाचू या घोळात तीन मिनिटं जातात, म्हणून ते आधीच ठरलेलं असू द्या. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात १५० स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिली आहेत. ती वाटणी चांगली आहे, पण नवख्यांना जड जाते. तुमच्या पानासाठी आठवडाभर पुरतील अशी सातच द्या: ५, २५, ३७, ६३, १३१, १३९, १४३. यातलं १३१ अवघ्या तीन वचनांचं आहे, तिथे घाई करू नये. त्यात आईजवळच्या बाळाची उपमा आहे, आणि ते बाळ तान्हं नाही, दूध तुटलेलं आहे. तान्हं आईला बिलगतं ते दुधासाठी. दूध तुटलेलं नुसतं आई हवी म्हणून मांडीवर बसतं. समर्पण या शब्दाचा अर्थ विचारला तर मी हे स्तोत्र पुढे करीन.

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते आजचं वचन, ही पद्धत मात्र पानावर चुकूनही नको. जुन्या बायबलची बांधणी जिथे सैल झालेली असते तिथेच ते उघडतं, त्याला देवाची इच्छा म्हणता येत नाही.

मग चार मिनिटं प्रत्यक्ष समर्पण. इथे 'सगळं' हा शब्दच काढून टाका. जो सगळं देतो त्याला नेमकं काय दिलं ते सांगता येत नाही, म्हणून ते परत घेतल्याचंही कळत नाही. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या: आजचं एक काम, एक माणूस, एक भीती. 'माझं करिअर' नाही, 'तीन वाजताचा रिव्ह्यू'. 'माझं कुटुंब' नाही, 'भावाशी पैशांवरून बोलायचंय ते'. प्रत्येकासमोर दोन गोष्टी टिपायच्या. यात मला काय हवंय? यात आज माझ्या हातात काय आहे? जे हवंय ते देवाकडे मोकळेपणाने मागायचं, लाजायचं नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूची 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' ही विनंती आहे आणि 'माझ्या इच्छेप्रमाणे नको' हे त्याच्या नंतर येतं (लूक २२:४२). मत्तय तर सांगतो की तेच शब्द घेऊन येशूने तीनदा प्रार्थना केली (२६:४४). मागणं गिळून थेट 'तुझी इच्छा' म्हणणं दिसायला भक्तीचं वाटतं, पण गिळलेलं मागणं अकरा वाजता वर येतंच. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला यात दिसतं.

मागून झालं की हात पालथे करायचे, ती गोष्ट नाव घेऊन सोडायची, मग तळवे वर करून आजच्यापुरती शक्ती मागायची. कुणाला हे नाटकी वाटेल. पण रोम १२:१ मध्ये प्रेषित पौल 'शरीरं' अर्पण करा म्हणतो, तेव्हा हातांना काही काम दिलं तर बिघडत नाही.

उरलेली तीन मिनिटं प्रभूची प्रार्थना, प्रत्येक विनंतीनंतर एक श्वास थांबून. मुलांना एक दाखवून द्या: 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' याच्या लगेच पुढे 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' आहे. इच्छा सोपवली म्हणून मागणं संपत नाही.

चिठ्ठी खिशात ठेवायची. तिचा फोटो काढून स्टेटसला टाकायचा नाही, हे आजकाल लिहावं लागतं.


वसईची_घंटा

नगरीदादांशी सहमत, राखेचं तर शंभर टक्के. दुपार आणि रात्र मी लिहिते.

कॅथलिक परंपरेत दुपारसाठी तयार सोय आहे: सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, आंजेलुस या मरियेच्या प्रार्थनेची घंटा. तिच्या मधल्या कडव्यात मरियेचं उत्तर येतं, 'मी प्रभूची दासी, आपल्या शब्दाप्रमाणे माझ्याबाबतीत होवो' (लूक १:३८). म्हणजे दिवसातून तीनदा समर्पणाचंच वाक्य तोंडी येतं. आणि होकार देण्याआधी मरियेने 'हे कसं होईल?' असा सरळ प्रश्न विचारलाय (१:३४). दादांनी वर मागण्याबद्दल लिहिलंय तेच विचारण्यालाही लागू. घंटा ऐकू येत नसेल त्यांनी दिवसातल्या ठरलेल्या जागा धराव्यात: लिफ्ट, पहिला चहा, लोकलने बोरिवली सोडलं की. फोनचा अलार्म चार दिवस चालतो, पाचव्या दिवशी बोट आपोआप तो बंद करतं.

दिलेलं परत घेतलं हे ओळखायचं कसं? खुणा अंगावर दिसतात. दात आवळलेले असतात. एकच मेसेज चौथ्यांदा वाचला जातो. जे भांडण अजून झालेलंच नाही त्यातली दोघांचीही वाक्यं डोक्यात तयार होत असतात. असं दिसलं की वीस सेकंदांचं काम आहे. त्या गोष्टीचं नाव घ्यायचं, 'हे मी परत घेतलंय, पुन्हा तुला देते' म्हणायचं, आणि लगेच समोरचं सगळ्यात लहान काम हातात घ्यायचं: ईमेलला उत्तर, भांडं विसळणं, पुढचा पेशंट. हे तिसरं लोक गाळतात. देऊन झाल्यावर हात रिकामे राहिले की ते पुन्हा त्याच गोष्टीकडे जातात.

स्वतःला रागवायचं नाही. दिवसातून वीस वेळा परत द्यावं लागलं तर वीस वेळा समर्पण झालं, असंच मोजायचं.

रात्रीसाठी येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची 'आध्यात्मिक साधना' ही पुस्तिका. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये तिला मान्यता दिली, तेव्हापासून ती वापरात आहे. तिच्यातल्या दिवसाच्या आत्मपरीक्षणाला पाच पायऱ्या आहेत. आधी उपकारांबद्दल आभार. मग स्वतःचं खरं दिसण्यासाठी कृपा मागणं. मग उठल्यापासून तासातासाचा हिशेब. मग क्षमा. शेवटी उद्यासाठी निश्चय, आणि प्रभूची प्रार्थना. दहा-बारा मिनिटं पुरतात. चूक नेहमी एकच होते, आभार गाळून थेट हिशेबाला बसणं. तसं केलं की पाचव्या मिनिटाला माणूस स्वतःच्या खटल्यात आरोपी आणि फिर्यादी दोन्ही होऊन बसतो, आणि आठवड्याभरात ही सवय सुटते. आभारही नेमके हवेत: 'आरोग्याबद्दल' नाही, 'आज बसायला खिडकी मिळाली त्याबद्दल'.

याच पुस्तकात एक छोटी युक्ती आहे, ती तुमच्या पानावर अवश्य द्या. एका वेळी एकच दोष धरायचा. वहीत आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात जोड्या रेषा आखायच्या. जोडीतली वरची रेष उठल्यापासून दुपारपर्यंतची, खालची दुपारपासून रात्रीपर्यंतची. तो दोष जितक्यांदा घडला तितके ठिपके रेषेवर द्यायचे. मग वरची रेष खालच्या रेषेशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून पाहायचा. चूक घडल्याक्षणी छातीला हात लावायचा, चारचौघांतही कुणाला कळत नाही. आपल्या विषयासाठी ठिपक्याचा अर्थ 'दिलेली गोष्ट परत घेतली' असा ठेवा. तीन-चार दिवसांत दिसतं की ठिपके सगळीकडे सारखे नसतात. कुणाचे जेवणाआधी दाटतात, कुणाचे एका ठरावीक माणसाच्या फोननंतर, कुणाचे रात्री दहानंतर मोबाइलवर. मग दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीवर काय लिहायचं हा प्रश्न उरत नाही.

झोपताना स्तोत्र ३१:५, 'मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो'. चर्चच्या रात्रीच्या प्रार्थनेत ते रोज येतं, आणि क्रूसावर येशूने प्राण सोडताना तेच म्हटलं (लूक २३:४६).

कोरडेपणाबद्दल इग्नेशियसचा नियम कडक आहे: अशा काळात आधीचा निर्णय बदलायचा नाही. शांत मनाने पंधरा मिनिटं ठरवली असतील तर उदास मनाने ती दहा करायची नाहीत. उलट ठरल्या वेळेपेक्षा थोडं जास्त बसायचं, दोन मिनिटं का होईना. दोन मिनिटांत काही घडतं म्हणून नव्हे. उठायची घाई करणाऱ्या मनाला कळतं की इथे त्याचं चालत नाही, म्हणून. आणि कारणं तपासायची. कधी आपलीच टंगळमंगळ असते, कधी परीक्षा असते, कधी गोडवा ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळण्यासाठी तो काढून घेतलेला असतो. यात मी एक कारण आपल्या पदरचं घालीन: झोप. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. बोलणं नंतर, डोंगरावर.


कृपा_आधी

वहीचं सगळं पटलं नाही. ठिपके, रेषा, आठवड्याची तुलना. गलती ३:३ मध्ये पौल विचारतो तेच विचारावंसं वाटतं, आत्म्याने सुरुवात करून आता देहाने, म्हणजे स्वतःच्या जोरावर, शेवट करता काय? विशीतल्या मुलांच्या हातात हे दिलं तर महिन्याभरात कुणाचे ठिपके कमी ही शर्यत लागेल.

समर्पण ही आधी मिळालेल्या कृपेची पावती आहे, किंमत नव्हे. मेथडिस्ट परंपरेत कराराची उपासना असते, जॉन वेस्लीने ती १७५५ मध्ये लंडनला सुरू केली आणि आता बहुधा नव्या वर्षाच्या सुरुवातीला होते. तिच्यातली प्रार्थना साधारण अशा अर्थाची: मी आता माझा नाही, तुझा आहे, तुला हवं त्या कामाला लाव, तुला हवं त्यांच्या पंगतीत बसव, कामावर ठेव नाहीतर बाजूला ठेव, भरलेला ठेव नाहीतर रिकामा ठेव. ती मंडळी मिळून म्हणते, एकेकटा नाही, आणि वर्षातून एकदा, कारण ती जड आहे. रोज सकाळी घडाघडा म्हणायला लागलात तर तिसऱ्या दिवशी तिचे शब्द बोथट होतात.

पानावर तिची एक ओळ एका आठवड्याला द्या. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात, सहा रविवार वगळून ४०. म्हणजे सहा-सात ओळींत काळ संपतो. रोज वेगळा विषय असलेले चाळीस चौकोन छापू नका. पाचवा चौकोन चुकला की माणूस सहाव्याला हातच लावत नाही.


वसईची_घंटा

शर्यतीचा मुद्दा मान्य. वही कुणाला दाखवायची नाही, ही अट पानावरच छापावी.

पण त्याहून मोठा धोका वेगळा आहे. काहींचं मन मुळातच शंकेखोर असतं: कबूल केलेलं पाप नीट कबूल झालं का, समर्पण मनापासून होतं का, पुन्हा पुन्हा. इग्नेशियस स्वतः १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा इथे यात इतका बुडाला होता की जीव द्यावा असं त्याला वाटलं. अशा मुलामुलींना ठिपक्यांची वही अजिबात देऊ नये. त्यांच्यासाठी उलटा नियम: परीक्षण तीन मिनिटांत संपवायचं, एकाच फादरांकडे किंवा पाळकांकडे जायचं, त्यांनी 'झालं' म्हटलं की तो विषय पुन्हा उघडायचा नाही. हात धुण्यासारखं तेच तेच प्रार्थनेत करावं लागत असेल, थांबवता येत नसेल, तर डॉक्टरचंही काम आहे.

बाकी ठिपके मोजणं म्हणजे देह, हे नाही पटत. मधुमेहाचा माणूस साखर मोजतो तेव्हा तो औषधावर अविश्वास दाखवत नाही.


कृपा_आधी

साखरेचं उदाहरण चांगलं आहे. तरी माझ्या हाताने पान लिहिलं तर रेषा दोनच आठवडे ठेवीन. नमुना कळला की वही बंद.


समुपदेशन_मेज

'देवावर सोपवलंय' म्हणून काहीच न करणाऱ्यांचं काय, या शेवटच्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही. नुकसान तिथेच सगळ्यात जास्त होतं.

समर्पण आणि हातावर हात ठेवून बसणं यांतला फरक नहेम्या ४:९ एका वचनात सांगतो: आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. 'आणि'वर बोट ठेवा. नगरी_उपासकांच्या चिठ्ठीतला 'माझ्या हातात काय आहे' हा प्रश्न म्हणजे हा पहारा. अर्जाची शेवटची तारीख माझ्या हातात आहे, निवड माझ्या हातात नाही. गोळी वेळेवर घेणं माझ्या हातात आहे, रिपोर्ट नाही. अर्ज न भरता निकाल देवावर सोपवणाऱ्याने सोपवण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं.

पंडिता रमाबाईंचं देवावर पूर्ण विसंबणं सगळ्या मराठी मंडळ्यांत सांगितलं जातं. पण केडगावच्या मुक्ती मिशनचा तो विश्वास कसा दिसत होता ते पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन विधवा आणि मुली आणल्या, त्यांच्या जेवणाची, राहण्याची, कामाची व्यवस्था केली. बायबल सोप्या मराठीत आणायचं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, छपाईचं काम मुक्तीतच बायकांना शिकवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, बायबल १९२४ मध्ये पूर्ण छापून निघालं. निकाल स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा हट्ट सोडलेला, कामाचा एकही तास सोडलेला नाही.

'देवाची इच्छा कळली' म्हणून घाईने नोकरी सोडणाऱ्यांसाठी पुन्हा इग्नेशियसकडेच जावं लागतं. त्याच्या पद्धतीत आधी मन तराजूच्या काट्यासारखं मध्यावर आणायचं, मग कागदावर फायदे-तोटे दोन्ही बाजूंनी लिहायचे, मग ज्या बाजूला विवेक झुकेल ते प्रार्थनेत देवापुढे ठेवायचं. बुद्धी बाजूला ठेवायला तो कुठेच सांगत नाही.

देवाणघेवाणीचा घोळ वेगळा. 'हे तुला दिलं, आता तू ते कर' हा नवस झाला. माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचं घर किंवा हात-पाय वाहणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही; त्यात भक्ती असते, आभारही असतात. पण समर्पणात 'नाहीतर' हा शब्द बसत नाही. चिठ्ठीवरच्या वाक्यात तो आला की ते वाक्य खोडून पुन्हा लिहा.

आता सर्वांत महत्त्वाचं. पानावर ठळक छापा: समर्पण देवाला करायचं असतं, मारणाऱ्या माणसाला नाही. मार खाणाऱ्या बाईला 'हा तुझा वधस्तंभ, उचल' असं सांगणं मंडळ्यांत अजून चालतं, आणि ते शास्त्राचा आधार घेऊन चालतं म्हणून जास्त घातक आहे. जो पौल 'जिवंत यज्ञ व्हा' लिहितो त्यानेच फटके बसण्याआधी शताधिपतीला विचारलं, रोमन नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारणं कायदेशीर आहे का? (प्रेषितांची कृत्ये २२:२५). फिलिप्पै शहरात चौकशी न करता मारलं म्हणून त्याने अधिकाऱ्यांना स्वतः तुरुंगात यायला लावलं (१६:३७). शेवटी कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली (२५:११). लोकांनी दगड उचलले तेव्हा खुद्द येशू मंदिरातून निघून गेला (योहान ८:५९). घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे, तातडीला ११२. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६. हे क्रमांक छापल्याने पानाचं आध्यात्मिक वजन कमी होत नाही.

पाळकांच्या बाबतीतही तेच. 'प्रभूने मला दाखवलं की तू अमुकाशी लग्न कर' किंवा 'पगार इथे आणून दे' याला नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं नव्हे. खरा मार्गदर्शक वेळ देतो आणि दुसऱ्या कुणाला विचारायला हरकत घेत नाही. घाई आणि गुप्तता दोन्ही एकत्र दिसली की थांबायचं.


तरुणसंघ_चिटणीस

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. शेवटचा भाग चौकटीत छापतो. आता एकच अडचण. आमच्यातले चारजण रात्रपाळी करतात, आणि दोघींचं मूल सहा महिन्यांच्या आतलं आहे. 'सकाळची पंधरा मिनिटं' वाचून ते पान तिथेच घडी घालून ठेवतील. त्यांना काय द्यायचं?


नगरी_उपासक

'सकाळ' हा शब्दच काढा. उत्पत्ती १:५ मध्ये 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली, हा पहिला दिवस', आधी संध्याकाळ. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणजे दिवसाचं पहिलं काम झोपणं. रात्रपाळीवाल्याचा दिवस कामावरून येऊन आडवं होताना सुरू होतो असं धरा. राख तिथेच काढायची, तीन मिनिटं, स्तोत्र ३१:५ म्हणायचं, झोपायचं. चिठ्ठी उठल्यावर, पाळीला निघताना, आणि तिच्यावर तीन नाही, एकच गोष्ट. स्तोत्र जाताना बसमध्ये कानाने ऐकलं तरी चालतं. अंधारात पडद्याकडे पाहत वाचण्यापेक्षा ते बरंच.

पाळी आठवड्याला बदलत असेल तर बदलाच्या दिवशी नवीन काही सुरू करायचं नाही, त्या दिवशी फक्त झोप सांभाळायची.

आयांना वेळ सांगू नका, जागा सांगा. बाळाला पाजायला बसल्यावर पहिल्या दोन मिनिटांत हातात फोन घ्यायचा नाही, एवढंच. श्वास आत घेताना 'प्रभू', सोडताना ज्याची काळजी आहे त्याचं नाव: बाळाचं वजन, नवऱ्याची नोकरी, टाके. डोळा लागला तर लागू द्या. स्तोत्र १२७:२ झोपेला प्रियजनांना मिळणारं दान म्हणतं, तेव्हा प्रार्थनेत झोपल्याचा ठिपका द्यायचा नाही.

आणि पान एकाच बाजूला छापा. मागची बाजू कोरी राहिली तर ज्यांना हव्यात त्यांना सात जोड्या रेषा तिथेच आखता येतील.